मलकप्पांच्या नावाचं बिल

माझ्या नंबरवरून तुम्हाला कधी फोन आला, तर तुमच्या मोबाइलवर ‘मलकप्पा इराप्पा बिराजदार’ असं नाव येईल. घाबरू नका, उचला. मीच असेन.

माझं नाव विलास ढोबळे. मूळचा नातेपुत्याचा. पोटापाण्यासाठी सोलापुरात आलो आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघत इथलाच झालो. वय सत्तेचाळीस, वजन विचारू नका. एवढा भरभक्कम माणूस असूनही गेली वीस वर्षं फोनवर मी मलकप्पा आहे. कर्ज घ्या म्हणणाऱ्या पोरी मला मलकप्पाजी म्हणतात. पार्सलवाला दारात येऊन ‘बिराजदार कोण?’ असं विचारतो आणि मी बनियनवर बाहेर येऊन निमूट ‘मीच’ म्हणतो. एकदा तर अफझलपूरकडच्या कुणा गृहस्थांनी अर्धा तास माझ्याशी कानडीत सोयरिकीचं बोलणं केलं. मला कानडीतलं ‘हौद’ एवढंच येतं, म्हणजे ‘हो’. ते मी पंधरा-सोळा वेळा तरी म्हटलं असेन. पुढं काय झालं कोण जाणे, पण कुणाचं तरी लग्न माझ्या तोंडून ठरलं असावं अशी मला आजही धास्ती वाटते.

खरे मलकप्पा आमच्या शेजारी राहतात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशाला तीन पेनं. तिन्ही चालू. बहिणीच्या घरी राहतात, लग्न राहून गेलं. अमुक कारणानं राहून गेलं असं काही नाही, आपल्याकडं छत्री जशी कुठंतरी राहून जाते तसं ते राहून गेलं.

त्यांचा धंदा भांड्यांवर नाव घालायचा. भांड्यांच्या दुकानांची जी ओळ आहे, तिथं एका दुकानाच्या पायरीवर त्यांचं स्टूल आणि हातातलं ते विजेवर चालणारं छोटं मशीन. ताटली उलटी मांडीवर घ्यायची, मशीन किर्रर्र करायचं आणि बघता बघता ‘चि. सौ. कां.’ पासून ‘सप्रेम भेट’ पर्यंत सगळं मोत्यासारखं उमटायचं. सोलापुरातल्या निम्म्या संसारांच्या बुडाला अण्णांचं अक्षर आहे म्हटलं तरी चालेल.

पण गिऱ्हाइकाला ते सुखानं नाव घालू देतील तर शपथ. ‘नाव पूर्ण सांगा,’ हे त्यांचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही तेच. एखादी बाई म्हणाली, ‘काका-काकूंकडून, एवढंच घाला हो,’ की अण्णा मशीन बंद करायचे.

‘कोण काका?’

‘मुलीचे काका. तिला माहीत आहे.’

‘तिला म्हाईत हाय. तिच्या नातीला कसं म्हाईत असणार? माणूस जातंय वो बाई, वाटी ऱ्हातीय. पन्नास वर्सांनी कुणीतरी वाटी घासताना वाचंल, तवा कळाय नको? नाव पूर्ण सांगा.’

आणि बाई काकांचं, काकांच्या वडिलांचं आणि आडनाव असं सगळं सांगून दुप्पट अक्षरांची मजुरी देऊन जायची. नुसती आद्याक्षरं तर अण्णा घालतच नाहीत. आद्याक्षरं ट्रंकेला शोभतात, माणसाला नाही, असं त्यांचं मत.

या धंद्यामुळं त्यांना एक खोड लागलीय. ज्याच्या घरी जातील तिथं हातात आलेलं भांडं उलटं करून वाचतात. चहाची बशी असेल तर चहा पिऊन झाल्यावर, पाण्याचा ग्लास असेल तर डोक्यावर धरून पिता पिताच. मागं माझ्याकडं सत्यनारायण होता. सगळी गल्ली जमलेली. अण्णांनी प्रसादाचा शिरा संपवला, वाटी उलटी केली आणि भर पंगतीत म्हणाले, ‘विलासराव, ही वाटी तुमची न्हवं. मंगलाबाईंच्या आईनं दिलेली हाय. मीच नाव घातलंय.’

मंगलाबाई समोरच बसल्या होत्या. ही वाटी त्या आठ वर्षं शोधत होत्या आणि त्यापायी मोलकरणीला काढून टाकलं होतं त्यांनी. माझी बायको सुनंदा काही कमी नाही. ती म्हणाली, ‘मग आमचा शेंगाचटणीचा डबा तुमच्या मांडणीवर काय करतोय?’ झालं. जो तो उठून आपापल्या घरातली भांडी आणायला लागला, अण्णा मध्ये मांडी घालून बसले आणि एकेक बूड वाचून निवाडा देऊ लागले. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी भांडी आपापल्या घरी पोचली. सर्वांत जास्त परकी भांडी आमच्या घरात निघाली. सात. त्यातला एक तांब्या तर मी अभिमानानं ‘आमच्या आजोबांचा’ म्हणून सांगत असे.

असो. तर अशा माणसाच्या नावात मी कसा शिरलो ते सांगतो.

वीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या शेजारची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली होती आणि माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. प्रीपेड मोबाइल तेव्हा बऱ्याच जणांकडं आले होते. महिन्याच्या बिलाचा फोन मात्र मोठ्या माणसांकडं असायचा. मुलगी बघायला जावं, मध्येच फोन वाजावा आणि आपण खिशातून काढून ‘बिलाचा आहे, कट होत नाही’ असं सहज म्हणावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. फोनच्या दुकानदारानं सोलापूरच्या पत्त्याचा पुरावा मागितला. माझ्याकडं नातेपुत्याच्या रेशनकार्डावरचं चौथ्या नंबरचं नाव सोडलं तर काही नव्हतं. घरमालक पावती देत नसे. मी खोलीच्या पायरीवर तोंड पाडून बसलो होतो. अण्णांनी काय झालं ते विचारलं, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले,

‘नाव पायजे एवढंच ना? माझं घ्या की.’

शेजारणीनं विळी मागावी आणि दुसरीनं खिडकीतून द्यावी, इतक्या सहज. निवडणुकीचं ओळखपत्र घेऊन ते माझ्याबरोबर दुकानात आले. फॉर्मवर सही करायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते सही करत नव्हते, पूर्ण नाव काढत होते.

नाव दिलं ते दोन अटींवर. बिल मुदतीच्या आत भरायचं, ही पहिली. दुसरी जास्त अवघड होती. ‘माझ्या नावावरनं शिव्या द्यायच्या न्हाईत,’ ते म्हणाले. मी माल पाठवायच्या कामातला माणूस. ट्रकवाल्यांशी शिव्या न देता बोलायचं म्हणजे हात बांधून पोहायचं. पण शब्द दिला होता. तेव्हापासून शिव्या द्यायच्या असल्या की मी उठून ऑफिसच्या टेबलावरच्या फोनकडं जातो. ट्रकवाल्यांनाही आता हे माहीत झालंय. मोबाइलवरून फोन आला की ते निवांत असतात, ऑफिसच्या नंबरवरून आला की उचलतच नाहीत.

बिल टपालानं यायचं. नाव अण्णांचं आणि पत्ताही त्यांचाच, त्यामुळं लिफाफा त्यांच्या घरी पडायचा. लिफाफ्याला पुढं ती पारदर्शक खिडकी असते ना, तिच्यातून छापील नाव दिसायचं. तो न फोडता तळहातावर आडवा धरून अण्णा माझ्या दारात यायचे. आल्यावर बसा नाही, चहा नाही. ‘आलंय,’ म्हणायचे. मी फोडायचो, आकडा बघून मनातल्या मनात, म्हणजे कुणाच्याच फोनवरून नाही, एक शिवी द्यायचो आणि भरून यायचो. मग अण्णा परत हजर. ‘भरलं का? मग कागद द्या माझा.’ भरलेलं बिल परत लिफाफ्यात घालून ते घेऊन जायचे. मला वाटायचं, म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवत नाही, पुरावे जमवतोय. मला कुणाबद्दलही पहिल्यांदा वाईटच सुचतं.

त्या पुराव्यांनीच माझं लग्न झालं, हेही सांगितलं पाहिजे.

बार्शीची मुलगी पसंत पडली होती. पण मुलीच्या मामांना चौकशीची हौस. त्यांनी कुठून तरी माझ्या नंबरची चौकशी केली आणि नाव निघालं मलकप्पा इराप्पा बिराजदार. दुसऱ्या दिवशी मुलीकडचे चौघे माझ्या खोलीत. मामा म्हणाले, ‘मुलाचं खरं नाव काय?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘आणि खोटं?’ मला दरदरून घाम फुटला. बिलाचा फोन दाखवून छाप पाडायला गेलो आणि भामटा ठरलो. मी जे जे सांगत होतो ते मलाच खोटं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सगळं ऐकून अण्णा आले. हातात चौदा लिफाफे. ते त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपुढं खेळातल्या पत्त्यांसारखे मांडले.

‘हे बघा पावणं. नाव माझं हाय. बोलतंय हे पोरगं. पैसे बी तेच भरतंय. चवदा म्हयने झाले, एक तारीख चुकली न्हाई. माझ्या नावाला त्यानं डाग लागू दिला न्हाई.’

सासऱ्यांनी चौदाच्या चौदा बिलं वाचली. मग मामांना म्हणाले, ‘जो दुसऱ्याच्या नावाला एवढं जपतो, तो आपल्या पोरीला जपणारच.’ हा तर्क कितपत बरोबर होता ते सुनंदाला विचारा, मला विचारू नका. खरी गोष्ट एवढीच की मुदतीच्या चार दिवस आधीपासून अण्णा रोज दारात उभे राहायचे. त्यांच्यापुढं सरकारसुद्धा वेळेवर बिल भरेल.

पुढं संसार वाढला, पत्र्याच्या खोलीच्या दोन खोल्या झाल्या, फोन चार बदलले, नंबर तोच राहिला. मोबाइल कंपनीचा फोन आला की खात्री पटवायला आईचं नाव विचारतात. मी ‘भागव्वा’ म्हणून सांगतो. माझ्या स्वतःच्या आईचं नाव मी वर्षात एकदा तरी घेतो की नाही शंका आहे, भागव्वाचं मात्र बारा वेळा घेतो. अण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, ‘तिचं नाव घेणारे आता तुमी आन आमी दोघं भावंडं, एवढंच.’

मध्यंतरी कंपनीनं कळवलं, कागदी बिल बंद करा, मोबाइलवरच बिल घ्या, महिन्याला थोडी सूट मिळेल. सूट म्हटल्यावर मी कधी मागं राहिलोय? लगेच होकार कळवला आणि वर अण्णांना ऐटीत सांगितलं, ‘आता कागद नाही. झाडं वाचतात.’ झाडांचं मला एरवी काही पडलेलं नसतं. कुंडीतली तुळस सुनंदा जगवते.

अण्णा ‘हौद’ म्हणाले आणि गेले. पहिला महिना गेला. दुसरा गेला. एका संध्याकाळी त्यांची बहीण शांताक्का आमच्याकडं आली. दारातच उभी राहिली, पदर दोन्ही हातांत धरून.

‘विलासराव, अण्णानं काय चुकी केली का वो?’

‘नाही, का बरं?’

‘टपालवाला त्याला काय देईनाच झालाय. रोज अकरा वाजता बाहेर खुर्ची टाकून बसतोय. दुकानाला बी उशिरा जायलाय. मी म्हटलं, बिल फोनात येतंय आता, तर म्हणतोय, फोनात माझं नाव कुटं दिसतंय?’ आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘त्याला दुसरं टपाल येत न्हाई वो. घर आमच्या ह्यांच्या नावावर. लाइटचं बिल त्यांच्या नावानं. रेशनकार्ड पोराच्या नावानं. दुकान तर शेटचं. त्याच्या नावानं आमच्या दारात येणारं तेवढं एकच होतं.’

ती गेल्यावर सुनंदानं हातातल्या लाटण्यासह माझ्याकडं पाहिलं. माझ्या लक्षात आलं की शांताक्काच्या घरातलं एकही भांडं अण्णांच्या नावाचं नाही. सगळ्यांवर मेव्हण्याचं नाव आहे आणि ते अण्णांनीच घातलेलं आहे. मी त्याच संध्याकाळी कंपनीला फोन लावला, भागव्वाचं नाव सांगितलं आणि कागद परत चालू केला. सूट गेली. पुढच्या महिन्यात अण्णा तळहातावर लिफाफा घेऊन आले तेव्हा त्यांनी चक्क चहा घेतला.

इतकं सगळं माहीत असून मी पुढं जे वागलो, ते सांगायची लाज वाटते. पण सुरुवात केलीय तर सांगतोच.

गेल्या वर्षी आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचं ठरवलं. कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब कागद बघता बघता थांबले. ‘हा नंबर कुणाच्या नावावर आहे?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे फ्लॅट मिसेसच्या नावावर, कर्ज तुमच्या नावावर आणि मोबाइल या बिराजदारांच्या. तुमचं नेमकं काय आहे हो?’ नंबर पंधरा दिवसांत स्वतःच्या नावावर करून आणा, नाहीतर फाइल पुढं जाणार नाही, असं त्यांनी बजावलं.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘करू की. त्यात काय.’ आणि दुसऱ्या दिवसापासून टाळायला लागले. सोमवारी अमावस्या निघाली. मंगळवारी ओळखपत्र ट्रंकेत होतं आणि ट्रंकेची किल्ली अक्कलकोटला भाचीकडं. बुधवारी हात कापत होता, सही नीट येणार नाही म्हणाले. त्याच दुपारी मी त्यांना पायरीवर बसून एका घंगाळ्यावर तीन ओळी घालताना पाहिलं. हात कसला कापतोय, एक वेलांटी वाकडी नव्हती.

अकरा दिवस गेले. बँकेतून दोनदा फोन आले, दोन्ही वेळा ‘मलकप्पाजी’ म्हणून. माझं डोकं फिरलं. मी सरळ त्यांच्या घरात गेलो. शांताक्का भाकरी थापत होती, अण्णा जेवत होते. जेवणाऱ्या माणसाशी भांडू नये एवढंही मला कळलं नाही.

‘अण्णा, फोन माझा आहे, नंबर माझा आहे, वीस वर्षं पैसे मी भरलेत. तुमचं त्यात आहे काय? नुसतं नाव.’

अण्णांचा घास हातातच राहिला. ते माझ्याकडं बघत म्हणाले, ‘हौद की. नुसतं नावच हाय माझं.’ मग तो घास त्यांनी ताटात परत ठेवला. ‘उद्या जाऊ या.’

घरी आलो तर सुनंदानं भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं. ती म्हणाली, ‘शिव्या ऑफिसच्या फोनवरून देता ते बरं करता. घरात मात्र सुटलाय.’ त्या दिवशी मी जेवलो, पण मला काही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत अण्णा तयार. सदऱ्याला इस्त्री, डोक्याला टोपी, हातात पिशवी. रिक्षातून कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं कॉम्प्युटरवर नंबर टाकला, ओळखपत्र बघितलं आणि अण्णांकडं पाहून हसली.

‘काका, मी ओळखते तुम्हाला. लॉकडाऊन उठल्यावर तुम्हीच आला होता ना? चार महिन्यांचं थकलेलं बिल एकदम रोख भरलं होतंत. मी तेव्हा नवीनच लागले होते.’

अण्णा टोपी नीट करायला लागले. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. लॉकडाऊनमध्ये आमचा कारखाना बंद पडला होता. चार महिने पगार नाही, मी घरात बसून भिंती मोजत होतो. तेव्हा अण्णांनीच मला दारातून सांगितलं होतं की जुन्या गिऱ्हाइकांची बिलं कंपनीनं माफ केलीत, काळजी करू नका. मी ते किती जणांना सांगितलं म्हणता. एवढी वर्षं इमानदारीनं बिल भरलं, कंपनीनं शेवटी कदर केली, असं माझं भाषण नातेवाइकांत ठरलेलंच होतं. सासऱ्यांना तर मी दोनदा ऐकवलं. त्या काळात लग्नं नव्हती, भांडी खपत नव्हती आणि अण्णांचं मशीन चार महिने पेटीत पडून होतं.

‘अण्णा, तुम्ही भरलंत?’

‘मग काय करायचं? बंद पडलं असतं की.’

‘मला सांगायचं तरी.’

‘तुमच्यापाशी नव्हते तवा. सांगून काय झालं असतं? मला कुटं खर्च हाय, जेवण तर बहिणीकडंच.’ आणि ते घाईनं मुलीकडं वळले. ‘सही कुटं करायची म्याडम?’

मला तिथंच काउंटरखाली बसावंसं वाटलं. आदल्या दिवशी ज्याला मी ‘वीस वर्षं पैसे मी भरलेत’ म्हणून जेवणावरून उठवलं होतं, तो माणूस वाकून फॉर्मवर आपलं नाव काढत होता. मलकप्पा. इराप्पा. बिराजदार. एकेक अक्षर नेहमीसारखं, ठासून. ज्या कागदानं ते नाव जाणार होतं, त्यावरसुद्धा त्यांनी ते सुंदरच काढलं.

मुलगी पुढच्या रकान्यावर आली. ‘तुमचं दोघांचं नातं काय लिहू? वडील, भाऊ, मुलगा?’

‘तसलं काय न्हाई,’ अण्णा म्हणाले.

‘मग इतर. पण इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं काका.’

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. अण्णांनी थोडा विचार केला.

‘भाडेकरू लिवा.’

ती हसली. ‘फोनला कसला भाडेकरू?’

‘माझ्या नावात ऱ्हायलाय की वो ह्यो, वीस वर्सं. आता त्याचं सवताचं घर व्हायलंय, मग जाणारच. चांगलंच हाय ते. माणसानं आपल्या घरात जावं.’ मग त्यांनी पेनाकडं बघत हळू सांगितलं, म्हणजे तिला सांगितलं की स्वतःलाच ते मला माहीत नाही. ‘मी जन्मभर दुसऱ्याच्यात ऱ्हायलो. माझ्यात ऱ्हायला आलेला एवढा एकच.’

मला रडू आलं. चारचौघांत, एसीत, टोकन घेऊन बसलेल्या माणसांपुढं मी नाक पुसलं. मग त्या मुलीला विचारलं, ‘मॅडम, माझ्या स्वतःच्या नावावर एक नवा नंबर आत्ता मिळेल का?’

‘मिळेल की. पंधरा मिनिटांत.’

‘तो द्या. बँकेला मी तो कळवतो. हा आहे तसाच राहू द्या. तो फॉर्म फाडा.’

अण्णा घाबरले. ‘का वो? माझी सही वाकडी आली का?’

‘सही चांगली आहे, अण्णा. मला जागा सोडायची नाही.’

‘आवो पण तुमचं नवं घर…’

‘ते असू दे. सोलापुरात जुना भाडेकरू सुखासुखी उठलेला कधी बघितलाय का तुम्ही? जायचं तर जा कोर्टात.’

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. मुलीनं फॉर्म फाडला, तेव्हा त्या आवाजानं त्यांची मान तिकडं वळली. त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते पहिल्या प्रयत्नात बसलं नाही, दुसऱ्याला बसलं. मग माझ्याकडं बोट करून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, ते तिला तक्रारीच्या सुरात म्हणाले,

‘बघा की वो म्याडम. उठंनाच झालाय ह्यो.’